खनिजाविना मुलूख आणि धूळ धुणारे हात

१

धातूंचा इतिहास आपल्याकडे दोन अंगांनी लिहिला जातो. एक राजांच्या अंगाने. त्यात नाणी, तोफा, ताम्रपट आणि देवळांचे कळस येतात. दुसरा खाणींच्या अंगाने. त्यात खेत्रीचे तांबे, कोलारचे सोने आणि झारियाशेजारचे पोलाद येते. शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांना या दोन्ही इतिहासांत जागा नाही. येथे राजधानी नव्हती आणि खाणही नव्हती. तरीही या मुलखाला धातूचा इतिहास आहे. तो खणून काढण्याचा नसून परत मिळवण्याचा आहे. एकाने टाकलेल्यातून, सांडलेल्यातून, जळलेल्यातून धातू पुन्हा हाती आणण्याचा हा इतिहास आहे. तो ज्यांनी घडविला त्यांना इतिहासकारांनी कधी कारागीर म्हटले नाही, शास्त्रज्ञ म्हणण्याचा तर प्रश्नच नव्हता. प्रस्तुत लेखात त्या बाजूने विचार करावयाचा आहे.

प्रथम जमिनीकडे पाहू. भीमेच्या एका अंगाला शिरूर आणि दुसऱ्या अंगाला दौंड. खाली सर्वत्र काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा हा बेसॉल्ट होय. या दगडात लोह नाही असे नाही. वजनाने दहा टक्क्यांच्या आसपास लोह त्यात असते. पण ते सिलिकेटांच्या जाळ्यात असे अडकलेले असते की ते सोडविण्याचा खर्च लोखंडाच्या किमतीहून कितीतरी अधिक पडतो. तांबे, शिसे, चांदी, सोने यांचे खणण्याजोगे खनिज तर या पाषाणात नाहीच. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या बाजूला, जांभ्या दगडातून लोखंड गाळणारे धावड एकोणिसाव्या शतकापर्यंत होते. कोळशासाठी लागणारे जंगल सरकारने बंद केले, विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागले आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या. पूर्वेच्या या कोरडवाहू पट्ट्यात मात्र तेवढाही आधार नव्हता. येथे आलेला प्रत्येक खिळा, प्रत्येक तांब्या आणि प्रत्येक पुतळी बाहेरून आली. बाहेरून आलेली महाग वस्तू कोणी फेकून देत नाही. ती मोडली की वितळवली जाते. म्हणून या मुलखात कचरा हेच खनिज ठरले.

२

याचा सर्वांत जुना पुरावा शिरूर तालुक्यातच आहे. घोडनदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही या कामातली प्रमुख नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंतची ही वस्ती. शेती करणारे, जनावरे पाळणारे, मेलेल्या मुलाला मडक्यात घालून घरातल्या जमिनीखाली पुरणारे हे लोक. त्यांच्या काळाला आपण ताम्रपाषाण युग म्हणतो. पण इनामगावात पाषाण फार आणि ताम्र फार थोडे आहे. गारेच्या दगडाची पाती ढिगांनी मिळाली. तांब्याच्या वस्तू मोजक्याच: मणी, बांगड्या, छिन्न्या, गळ. तांबे दूरवरून यायचे, म्हणून ते जपून वापरले जायचे. घरोघर कापायला दगडाचे पाते आणि तांबे मात्र थोड्यांच्या हाती, ही विषमता त्या मातीत स्पष्ट दिसते.

दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. वस्तीच्या मध्यभागी मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार सापडले. ते प्रमुखाचे असावे असा उत्खनकांचा निष्कर्ष आहे. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंताचे काम करणारा अशा कारागिरांची घरे मात्र वस्तीच्या पश्चिम कडेला होती. यावरून तीन हजार वर्षांपूर्वी जात होती असे म्हणण्याचे कारण नाही. तसे म्हणणे शास्त्रीय होणार नाही. भट्टीचा धूर आणि आगीची भीती हेही कडेला राहण्याचे साधे कारण असू शकते. परंतु जे हात वस्तू घडवितात ते कडेला आणि ज्यांच्याकडे ती वस्तू साठते ते मध्ये, ही रचना नवी नाही एवढे तरी मान्य करावे लागेल. पुढे तिला धर्माचा आधार मिळाला आणि कडेला राहणे हा जन्माचा नियम झाला.

३

इनामगावनंतर मोठी उडी घेऊन आपण बाजारपेठांच्या काळात येऊ. घोडनदी, म्हणजे आजचे शिरूर, ही इंग्रजांच्या छावणीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वाढलेली पेठ. दौंड वाढले ते रेल्वेमुळे. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला आणि गाव जंक्शन झाले. पेठ आली की सोनार येतो. सोनार आला की त्याच्या पाठोपाठ आणखी एक माणूस येतो. त्याला मराठीत झारेकरी म्हणत. कोठे धूळधोया, तर उत्तरेत न्यारिया. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरांत धूळधोये मुसलमान कारागिरांच्या यादीत सापडतात. त्यांचे काम एका वाक्यात उरकलेले असते: सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन त्यातून सोने-चांदी काढणारे लोक.

हे एक वाक्य सोडवून पाहिले पाहिजे. सोनार कानस चालवतो तेव्हा कण उडतात. ते जमिनीवर, चटईवर, शेगडीच्या राखेत, हात धुतलेल्या पाण्यात जातात. झारेकरी हा सगळा केर घेई. तो आधी जाळी, म्हणजे चिंध्या, केस, लाकडाचा भुसा नाहीसा होई. राख कुटून चाळून लाकडी पसरट भांड्यात पाण्याबरोबर हलके हलके फिरवली की माती वाहून जाई आणि जड कण तळाशी राहत. येथे विशिष्ट गुरुत्वाचे तत्त्व आहे. मग त्या गाळात पारा चोळायचा. पारा सोन्या-चांदीला धरतो, मातीला धरीत नाही. हा गोळा कापडातून पिळला की मोकळा पारा निघून जाई. उरलेला गोळा तापवला की पाऱ्याची वाफ होई आणि मागे सोने, चांदी, तांबे यांची मिश्र गोळी राही.

आता खरी परीक्षा. ही गोळी शोऱ्याच्या तेजाबात उकळायची. तेजाब चांदी आणि तांबे विरघळवते, सोने विरघळवीत नाही. पण गोळीत सोने फार असेल तर तेजाब आत शिरतच नाही. सोन्याचे कवच चांदीला झाकून टाकते. म्हणून सोने एक भाग आणि चांदी तीन भाग होईल इतकी चांदी आधी मुद्दाम मिसळावी लागते. सोने वाढविण्यासाठी त्यात आधी हलका धातू घालायचा, ही गोष्ट पुस्तक न वाचलेल्या माणसाने अनुभवातून धरली होती. सोने तळाशी राहिले की हिरव्यानिळ्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडायची. पट्टीवर चांदी पांढुरकी होऊन बसते आणि तांबे पाण्यात उतरते. त्याच पाण्यात नंतर लोखंडाचे तुकडे टाकले की तांबे लाल होऊन बाहेर येते आणि लोखंड विरघळून जाते.

आज शाळेत याला धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी म्हणतात. अधिक क्रियाशील धातू कमी क्रियाशील धातूला द्रावणातून बाहेर ढकलतो, एवढाच तिचा अर्थ. आपल्या भागातल्या शेतमजुराला ही श्रेणी नावाने नाही, पण कामाने ठाऊक आहे. डाळिंब-द्राक्षाच्या बागेत मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण करताना तो त्यात विळा बुडवून पाहतो. विळ्यावर लाल पुट चढले तर चुना कमी पडला, पाने जळतील, आणखी चुना घाला. ते लाल पुट म्हणजे मोरचुदातले तांबे होय. झारेकऱ्याच्या कुंडातला लोखंडाचा तुकडा आणि बागेतला विळा एकच रसायन सांगतात.

येथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. रसायनशास्त्र सोने-चांदीला राजधातू म्हणते आणि लोखंडाला ती पदवी देत नाही. पण राजधातू कचऱ्यातून वर येतो तो हलक्या धातूने स्वतः विरघळून जागा करून दिली म्हणून. शेवटी सोन्याचे वजन होते, चांदीचे वजन होते. लोखंड मात्र पाण्याबरोबर गटारात जाते आणि त्याचा हिशोब कोणी ठेवीत नाही.

४

इतके ज्ञान ज्या हातात होते त्या हातांना प्रतिष्ठा का मिळाली नाही? उत्तर आपल्या शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेत आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील, शिसे यांची शुद्धी क्षाराने, आम्लाने आणि पाण्याने करावी असे सांगितले आहे. हे रसायनदृष्ट्या अगदी बरोबर आहे. त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने फुटक्या भांड्यात जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत असेही सांगितले आहे. दोन्ही नियम शेजारी ठेवून वाचावेत. तांब्याला लागलेला विटाळ आम्लाने जातो. माणसाला लावलेला विटाळ मात्र कोणत्याच आम्लाने जात नाही. धातूला शुद्ध होण्याचा अधिकार आहे, माणसाला नाही. आणि धातू शुद्ध करणारा जो माणूस राखेत, तेजाबात, केरात हात घालतो, त्याचे हात त्या कामामुळेच अशुद्ध ठरतात.

हा केवळ ग्रंथातला नियम नव्हता. धातू कोणी बाळगायचा, हे गावे ठरवीत. १९३५ साली गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावी अस्पृश्य स्त्रियांनी धातूच्या घागरीतून पाणी आणण्यास सुरुवात केली म्हणून त्यांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी १९३६ साली आपल्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात या घटनेची नोंद केली आहे. त्याआधी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी ज्या दागिन्यांवरून अस्पृश्यता ओळखू येते ते टाकून देण्यास सांगितले होते. कथलाचा गोठ हा नुसता दागिना नव्हता. ती अंगावर वागवायला लावलेली जातीची खूण होती. मातीचे मडके आणि तांब्याची घागर यांतला फरक आपल्या आयाबायांना रसायनशास्त्राने शिकवला नाही, काठीने शिकवला.

या व्यवस्थेने ज्ञानाचे काय केले हे आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी दाखवून दिले आहे. हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा त्यांचा पहिला खंड १९०२ साली प्रसिद्ध झाला. राय हे काही आपल्या चळवळीतले नव्हते. तरीही भारतात विज्ञानबुद्धी का मावळली याचे कारण शोधताना ते जातिव्यवस्थेपाशी येऊन थांबले. हाताने काम करणारे खालच्या जातींत ढकलले गेले, विचार करणारे हातापासून तुटले, आणि 'कसे' व 'का' हे प्रश्न विचारणारे कोणी उरले नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

याचे ठसठशीत उदाहरण राजस्थानात जावर येथे आहे. खनिजापासून गाळताना जस्त वितळून वाहत नाही, त्याची वाफ होऊन उडून जाते. म्हणून ते गाळणे अतिशय अवघड. जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या बसवून ही वाफ खाली थंड करून धरण्याची युक्ती शोधली. बाराव्या शतकाच्या सुमारापासून तेथे हे काम मोठ्या प्रमाणावर चालत होते. युरोपात विल्यम चॅम्पियनने ब्रिस्टलमध्ये अशाच तऱ्हेच्या पद्धतीचे पेटंट घेतले ते १७३८ साली. चॅम्पियनचे नाव प्रत्येक धातुशास्त्राच्या पुस्तकात आहे. जावरच्या मुशी ढिगांनी पडून राहिल्या. त्या करणाऱ्या एकाचेही नाव उरले नाही. रसग्रंथांनी कृती लिहून ठेवली, करणारा लिहून ठेवला नाही.

५

आधुनिक उद्योग आला तेव्हा हे बदलेल असे वाटले होते. १८८७ साली ग्लासगोत मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी सायनाइडची पद्धत शोधली. दळलेल्या दगडावर सायनाइडचे पातळ द्रावण सोडले की हवेच्या साहाय्याने सोने त्यात उतरते. मग जस्ताच्या चुऱ्याने ते परत बाहेर काढायचे. पुन्हा तीच श्रेणी, फक्त लोखंडाच्या जागी जस्त. या पद्धतीने कोलारच्या खाणीत पूर्वी टाकून दिलेल्या दगडातलेही सोने निघू लागले. खाणी चालवीत होती लंडनची जॉन टेलर अँड सन्स. तीन किलोमीटरहून खोल उतरत होते ते मुख्यतः तमिळ मुलखातून आलेले मजूर, आणि त्यांत दलितांचा भरणा मोठा होता. २००१ साली खाणी बंद झाल्या. सोने केव्हाच गेले होते. मजुरांच्या चाळींशेजारी सायनाइडने धुतलेल्या भुकटीच्या टेकड्या राहिल्या, तीन कोटी टनांहून अधिक. वारा सुटला की ती भुकटी त्यांच्याच घरात येते. यंत्र बदलले, रसायन बदलले. धातू कोणाच्या वाट्याला आणि धूळ कोणाच्या वाट्याला, ही वाटणी बदलली नाही.

आता आपल्या तालुक्यांकडे परत येऊ. गेल्या तीन-चार दशकांत पुणे-सोलापूर रस्त्यावर दौंड तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत रसायने आणि औषधी द्रव्ये यांसाठी वाढली. पुणे-नगर रस्त्यावर शिरूर तालुक्यात रांजणगावला मोटारी, शीतकपाटे, दूरदर्शन संच तयार करणारे मोठे कारखाने आले. ज्या मुलखात खनिज नव्हते त्या मुलखात आता असंख्य धातू एकाच वेळी येऊन पडले आहेत. औषधे बनविताना उत्प्रेरक म्हणून निकेल आणि पॅलेडियम वापरतात. ते थकले की त्यांतला धातू आम्लाने सोडवून परत घेता येतो. मुलामा देण्याच्या कारखान्यांतल्या गाळात निकेल, क्रोमियम, तांबे असते. जुन्या बॅटरीत शिसे असते. फोनच्या एक टन सर्किट बोर्डांत शंभर ग्रॅमहून अधिक सोने असू शकते. चांगल्या खाणीच्या एक टन दगडात ते पाच-दहा ग्रॅम मिळाले तरी खाण चालते. कचरा खनिजाहून श्रीमंत झाला आहे. झारेकऱ्याला हे शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होते.

या कचऱ्याला दोन वाटा फुटतात. एक वाट बंद कुंडांची: आम्लात विरघळवणे, द्रावकाने एकेक धातू वेगळा करणे, विजेच्या प्रवाहाने तो पत्र्यावर चढवणे, उरलेला विषारी गाळ पुरायला पाठवणे. रांजणगावला घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचे केंद्र आहे. राज्यातल्या अशा मोजक्या केंद्रांपैकी ते एक. दुसरी वाट भंगाराच्या वाड्याची. तेथे वायरी उघड्यावर जाळून तांबे काढतात, बॅटरी कोयत्याने फोडतात, बोर्ड तेजाबाच्या पिंपात बुडवतात. त्या पिंपातून निघणारा तपकिरी धूर फुप्फुसात गेला तर माणूस त्या वेळी फक्त खोकतो. फुप्फुसात पाणी भरते ते काही तासांनी, घरी गेल्यावर. शिसे तर खोकल्याचीही सूचना देत नाही. ते आईच्या पदराला लागून घरी येते आणि मुलाच्या मेंदूत बसते.

या दुसऱ्या वाटेवर कोण आहे हे सांगायला पाहणीची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळाने गावे सोडून शहरात आलेल्या बायकांपैकी कित्येकींनी कचरा वेचण्याचे काम धरले. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्याही दलित जातींतल्या. या संघटनेने एक मोलाची गोष्ट केली: कचरा वेचणे हे काम आहे, ते करणारी कामगार आहे, हे ओळखपत्रावर लिहून घेतले. तालुक्याच्या गावी ते झालेले नाही. आमच्या वस्तीतही पुस्तकाआधी तराजू आला. भंगाराच्या पैशावर फी भरून पदवी घेतलेले माझ्यासारखे काही आहेत. आज माझ्या वर्गात बसणारी काही मुले रसायनशास्त्राच्या तासाला क्षारधर्मी धातू शिकतात आणि सुट्टीत तेच हात उघड्या आम्लात घालतात. वर्गातले रसायन आणि वाड्यातले रसायन एकच आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. प्रयोगशाळेत त्याला विज्ञान म्हणतात, वाड्यात त्याला घाण म्हणतात.

६

बाबासाहेबांनी श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला भेद दाखवला त्याला आता नव्वद वर्षे होत आली. तो भेद येथे डोळ्यांनी दिसतो. धातू परत मिळविण्याचे काम हे समाजाला हवेच आहे. यापुढे अधिकच हवे असणार, कारण खाणी रिकाम्या होत आहेत. हे काम सोडून द्या, असे आपल्या माणसांना सांगून भागणार नाही. मेलेली ढोरे ओढणे सोडा, हे सांगणे योग्य होते, कारण त्या कामाचा मोबदला अपमान हाच होता. पण राखेतून सोने काढणे हे कौशल्य आहे. ते सोडले तर ते दुसऱ्याच्या मालकीचे होईल आणि आपण त्याच कारखान्याच्या दारात रोजंदारीवर गाळ उचलायला उभे राहू. अशी वेळ येऊ लागली आहे.

म्हणून मागणी वेगळी केली पाहिजे. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांतला पाचवा नियम आपल्या कार्यकर्त्यांनी वाचावा. पुनर्चक्रणाच्या कामातील कामगारांना मान्यता देणे, त्यांची नोंदणी करणे, त्यांचे गट उभे करण्यास मदत करणे, त्यांना कौशल्याचे शिक्षण देणे आणि त्यांच्या सुरक्षिततेवर व आरोग्यावर दरवर्षी लक्ष ठेवणे ही जबाबदारी त्या नियमाने राज्य सरकारवर टाकली आहे. औद्योगिक वसाहतींत अशा कामासाठी जागा राखून ठेवावी असेही त्यात आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांतही हेच कर्तव्य सांगितले आहे. म्हणजे हक्क कागदावर आलेला आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांत किती कामगारांची अशी नोंद झाली, कितींच्या रक्तातले शिसे तपासले गेले, रांजणगाव आणि कुरकुंभला किती गुंठे जागा त्यांच्या सहकारी गटांसाठी राखली गेली, हे तीन प्रश्न लेखी विचारले पाहिजेत आणि लेखी उत्तर घेतले पाहिजे.

आणि शाळा-महाविद्यालयांत शिकवणाऱ्या आपल्या पिढीने आपले काम करावे. धातुविज्ञानाचा धडा शिकवताना मॅकआर्थर, फॉरेस्ट आणि चॅम्पियन यांच्याबरोबर जावरच्या मुशीचा, झारेकऱ्याच्या काठवटीचा आणि बागेतल्या विळ्यावरच्या लाल पुटाचा उल्लेख करावा. त्याला वेगळा अभ्यासक्रम लागत नाही. त्याच तासाला तेजाबाचा धूर काय करतो, शिसे घरात कसे येते, हातमोजा आणि उघडी खिडकी यांनी काय वाचते, हेही सांगावे. ज्याला आपल्या हातातले ज्ञान ज्ञान म्हणून ओळखता येते तो त्याची किंमत मागतो, आणि आपल्या फुप्फुसाचीही. इतके दिवस आपण सोने वेगळे करून दिले आणि पाण्याबरोबर वाहून गेलो. आता हिशोबाची वही आपल्या हाती असली पाहिजे.